बेळगावातले ‘गाव’ आणि पाटीवरचे ‘महानगर’

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या खानापूरच्या घराच्या कागदपत्रांसाठी मला एका कार्यालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिली खेप एका सहीपायी फुकट गेली. दुसऱ्या खेपेला अर्ज परत आला तो केवळ एका शब्दावरून. अर्ज कन्नडमध्ये होता आणि पत्त्याच्या ओळीखाली ग्राम, पट्टण, नगर असे तीन लहान चौकोन होते. खानापूर म्हणजे तालुक्याचे ठिकाण, तेव्हा मी ‘नगर’वर खूण करून मोकळा झालो. समोरच्या कारकुनाने पेनाचे टोक त्या खुणेवर टेकवले आणि शांतपणे म्हणाला, “सर, खानापूर पट्टण आहे. नगर नव्हे.” मग खालचा माझा स्वतःचा पत्ता वाचून त्याने हसत पुस्ती जोडली, “तुमच्या बेळगावच्या नावात गाव आहे, पण खूण मात्र नगरावर करायची हं.”

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली. नगर, पूर, पुरी, पत्तन हे सगळे शहराचे समानार्थी शब्द म्हणून किती पिढ्यांकडून पाठ करून घेतले असतील, त्याची गणती नाही. आणि निवृत्तीनंतर एका कारकुनाने मला दोन वाक्यांत सांगितले की ते समानार्थी नाहीत, ती उतरंड आहे. तिसऱ्या खेपेला काम झाले, परंतु हा विषय डोक्यातून जाईना.

कारकुनाचे म्हणणे कायद्याने अगदी बरोबर होते. कर्नाटकात दहा ते वीस हजार लोकसंख्येच्या ठिकाणी पट्टण पंचायत असते, वीस ते पन्नास हजारांच्या ठिकाणी पुरसभा, पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत नगरसभा आणि त्यापुढे महानगरपालिका. म्हणजे खानापूर पट्टण, संकेश्वर पूर, निपाणी नगर आणि बेळगाव महानगर. सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात मात्र ‘पट्टण’ आणि ‘पूर’ या दोघांनाही सरकारदरबारी जागा नाही. तिथे चंदगडला नगरपंचायत, गडहिंग्लजला नगरपरिषद आणि कोल्हापूरला महानगरपालिका, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे नगरच. खानापूरहून चंदगडला गेलेला मनुष्य सकाळी पट्टणात असतो आणि दुपारी नगरात पोहोचतो, मधल्या रस्त्याला मात्र त्याची काहीही खबर नसते.

अमरसिंहाने ‘अमरकोशा’तल्या पुरवर्गाच्या आरंभी हेच शब्द एका रांगेत बसवले आहेत: पूर, पुरी, नगरी, पत्तन, पुटभेदन, स्थानीय, निगम. कोशकाराच्या लेखी ते एकमेकांचे पर्याय आहेत, आणि मी शाळेत जे शिकवत होतो त्याचे मूळ तिथेच आहे. परंतु एकेका शब्दाच्या मागे जाऊन पाहिले तर प्रत्येकाच्या पोटात शहराची वेगळीच कल्पना निघते. एकाला शहर म्हणजे तटबंदी वाटते, दुसऱ्याला बाजार वाटतो, तिसऱ्याला राजाची वसुली वाटते. माणसे किती राहतात, हा प्रश्न त्यांपैकी एकाही शब्दाला पडलेला दिसत नाही.

‘पूर’ हा त्यांतला सर्वांत जुना. ऋग्वेदातला ‘पुर्’ म्हणजे तटाने वेढलेली जागा. ती फोडणारा म्हणून इंद्र ‘पुरंदर’ झाला, आणि आपण त्याच नावाचा किल्ला पाहिलेले लोक असूनही त्या नावात ‘पूर’ दडलेला आहे हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ग्रीकांचा ‘पोलिस’, म्हणजे नगरराज्य, हा याच शब्दाचा दूरचा भाऊ. (संस्कृतातला ऱ्हस्व ‘पुर’ मराठी गावांच्या नावांत दीर्घ झाला आणि नदीच्या पुराशी त्याची गाठ पडली. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा आणि दूधगंगा गावांत शिरल्या तेव्हा इकडच्या भागात या दोन पुरांमधला फरक अक्षरशः उरला नव्हता.)

मला सर्वांत आवडलेला शब्द म्हणजे ‘पुटभेदन’. तो आज कोणी वापरत नाही आणि मीही तो वर्गात कधी फळ्यावर लिहिला नव्हता. ‘पुट’ म्हणजे गाठोडे, आणि पुटभेदन म्हणजे जिथे गाठोडी फोडली जातात ती जागा. पाली भाषेतल्या महापरिनिब्बानसुत्तात गंगेकाठच्या पाटलिगामाची कथा येते. मगधाचे दोन मंत्री तिथे कोट बांधत असतात आणि बुद्ध आपला शिष्य आनंद याला सांगतात की हे पुढे अग्रनगर होईल, पाटलिपुत्र होईल, पुटभेदन होईल. त्यावरची जुनी टीका स्पष्टच सांगते की मालाची गाठोडी जिथे सुटतात ते पुटभेदन. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या रविवार पेठेत उभे राहिले की हा शब्द डोळ्यांना दिसतो. ट्रकमधून उतरलेल्या पोत्याच्या तोंडाची सुतळी हमाल एका बाजूने धरून ओढतो, ती सरसर उसवत जाते, आणि दुकानदार आत मूठ घालून तांदूळ तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, दोन दाणे दाताखाली धरून पाहतो. गाठोडे फोडल्याशिवाय भाव ठरत नाही, आणि भाव जिथे ठरतो तेच शहर, एवढा साधा विचार त्या शब्दामागे आहे.

हाच विचार ज्ञानेश्वरीत भेटतो तेव्हा मला फार बरे वाटते. बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला उद्देशून ‘इये मऱ्हाठियेचिया नगरीं । ब्रह्मविद्येचा सुकाळु करीं’ असे मागणे आहे, आणि त्याच ओवीत पुढे ‘घेणें देणें सुखचि वरी’ असे येते. ही ओवी आपण भाषेच्या अभिमानासाठी नेहमी उद्धृत करतो. परंतु तिच्यातली ‘नगरी’ कोणती, हे आपण पाहत नाही. ती राजवाड्याची किंवा देवळाची नगरी नाही. सुकाळ आणि घेणे-देणे हे दोन्ही शब्द बाजाराचे आहेत. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी भाषेला शहराची उपमा द्यायची झाली तेव्हा डोळ्यांसमोर आली ती भरलेली पेठ.

‘नगर’ या शब्दाची जैन टीकाकारांनी केलेली फोड तर मोठी गमतीची आहे. त्यांच्या मते जिथे ‘कर’ नाही ते ‘नकर’, म्हणजेच नगर. जिथे कर भरावा लागतो ते ग्राम. व्युत्पत्ती म्हणून ही फोड खरी धरता येत नाही, हा शब्दांवरचा खेळ आहे. पण खेळ रचणाऱ्याला आपल्या काळाचा अनुभव होता. पीक काढणाऱ्या गावावर जमिनीच्या वसुलीचा बोजा पडे आणि व्यापारी वस्तीला राजा सवलती देऊन बोलावी. महापालिकेच्या घरपट्टीची पावती हातात घेऊन ही व्युत्पत्ती वाचणाऱ्याला मात्र हसू आवरणे कठीण जाते. याच शब्दाचे ‘नकर’ किंवा ‘नखर’ हे रूप अकराव्या-बाराव्या शतकांतील कन्नड शिलालेखांत सापडते. तिथे त्याचा अर्थ शहर असा नसून व्यापाऱ्यांचा संघ असा आहे. जागेचे नाव माणसांच्या मंडळाला लागले, कारण ते मंडळ म्हणजेच ती जागा होती.

‘निगम’ची गत थोडी उलटी झाली. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने रक्कम ठेवली आणि ती देणगी ‘निगमसभे’त वाचून दाखवून नोंदवली, असे तो सांगतो. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नगरसभाच म्हणायची. आज हिंदी मुलखात ‘नगर निगम’ म्हणतात आणि आमच्याकडे कन्नडमध्ये ‘निगम’ म्हणजे सरकारी महामंडळ. शहर या अर्थाचा शब्द कचेरीच्या नावात जाऊन बसला.

शब्दांची पत घसरते कशी, याचा उत्तम नमुना म्हणजे ‘खेडे’. जुन्या ग्रंथांतला ‘खेट’ ही मातीच्या तटाने वेढलेली वस्ती होती आणि ती ग्रामापेक्षा वरच्या पायरीची समजली जाई. तट कोसळला, दर्जा गेला आणि शब्द खाली येत येत गावाच्याही खाली उतरला. ‘खेडवळ’ ही आज शिवी आहे. ‘स्थानीय’चेही असेच झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठशे गावांच्या मध्यभागी वसवायचे ते ‘स्थानीय’, चारशेंच्या मध्ये ‘द्रोणमुख’, दोनशेंच्या मध्ये ‘कार्वटिक’ आणि दहा गावांमागे एक ‘संग्रहण’. आठशे गावांचे ते ठाणे आज आपल्या तोंडी ‘स्थानिक’ होऊन, म्हणजे वरच्या कोणाच्या तरी मानाने लहान असा अर्थ घेऊन, फिरते आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. कौटिल्याने मोजली ती शहरातली डोकी नव्हेत, शहराला पोसणारी गावे मोजली. आपण आज जनगणनेत नेमके उलटे करतो.

मराठी अमदानीच्या कागदांत ही उतरंड दोन लहान शब्दांनी दाखवली जाई: मौजे आणि कसबे. ‘मौजे’ म्हणजे साधे गाव, तिथे पाटील आणि कुलकर्णी. ‘कसबे’ म्हणजे बाजार भरणारे, परगण्यातले मुख्य ठिकाण, आणि पेठ असेल तिथे शेटे आणि महाजन यांचे वतन. हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की आजही खरेदीखतात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लिहिल्याशिवाय लिहिणाऱ्याचा हात पुढे सरकत नाही. निपाणी ओलांडून कागल तालुक्यात शिरलो की कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावे लागतात. त्यांच्यापुढचे शिक्के महसुली दप्तरातले, पण ते आता नावाचाच भाग झाले आहेत. एकाचा बाजार मोठा आणि दुसऱ्याचा लहान, हे शेकडो वर्षांपूर्वी कोणी तरी कारकुनाने ठरवले. तो कारकून गेला, परगणा गेला, शब्द मात्र एसटीच्या पाटीवर राहिला.

‘शहर’ हा शब्दही असाच लांबून आला आणि येताना लहान झाला. फारसीत येण्यापूर्वी, जुन्या इराणी भाषांत, त्याच्या मूळ रूपाचा अर्थ राज्य, सत्ता असा होता. आपल्या ‘क्षत्र’ शब्दाचा तो सख्खा नातलग आहे. सासानी राजे आपल्या सबंध साम्राज्याला ‘ईरानशहर’ म्हणत. राज्य आकसत आकसत राज्याच्या मुख्य ठिकाणाएवढे झाले आणि मराठीत पोहोचेपर्यंत कोणत्याही मोठ्या वस्तीला शहर म्हणू लागले. ‘शहा’ हाही त्याच मुळाचा. तेव्हा आमचे शहापूर, जे संस्थानी काळात सांगलीच्या अमलाखाली होते आणि आज बेळगावला इतके चिकटले आहे की शीव कोणती हे जुन्या माणसालाच सांगता यावे, त्याच्या नावात पहिला शब्द इराणातला राजा आणि दुसरा वेदांतला तट आहे. साड्यांच्या खरेदीला तिथे जाणाऱ्या बायकांना या दोघांपैकी कोणीही अडवत नाही.

आता ‘महानगर’. हा शब्द कोणाला पालिकांच्या कायद्यातून आलेला, नवा कोरा वाटेल. मलाही वाटत होता. परंतु त्याच महापरिनिब्बानसुत्तात, बुद्ध कुसिनारेला देह ठेवणार हे कळल्यावर आनंद विनवतो की या क्षुद्र नगरीत, या उजाड नगरीत, या शाखानगरीत निर्वाण नको. दुसरी महानगरे आहेत. आणि तो सहा नावे घेतो: चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. ‘महानगर’ आणि त्याचा विरुद्धार्थी ‘शाखानगर’ हे दोन्ही शब्द इतक्या जुन्या काळी एकाच श्वासात आलेले आहेत. बुद्धांचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, असे बोलू नकोस, ही कुसिनारा म्हणजेच पूर्वीची कुशावती, महासुदस्सन राजाची समृद्ध राजधानी.

अमरकोशातही मूळ नगरापासून निघालेले जे पूर ते शाखानगर, अशी व्याख्या आहे: ‘यन्मूलनगरात्पुरं तच्छाखानगरम्’. आपण ज्याला उपनगर म्हणतो तेच हे. ग्रीकांनी मोठ्या शहराला ‘मेट्रोपोलिस’, म्हणजे आई-नगर म्हटले, कारण समुद्रापार वसलेल्या वसाहती ही त्यांच्या लेखी त्या शहराची लेकरे होती. आपल्याकडे उपमा आली ती झाडाची, मूळ आणि शाखा. मला ही उपमा अधिक पटते, कारण लेकरू वेगळे बिऱ्हाड करते, फांदी बुंध्याला सोडून जात नाही. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव यांच्याकडे पाहिले की हे कळते.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला महानगर क्षेत्र ठरवले. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांना थोडे कमी पडले. म्हणजे राज्याच्या हिशेबाने आम्ही महानगरात राहतो आणि संविधानाच्या हिशेबाने नाही. मुंबई आणि बंगळूर यांना तर ‘महा’ पुरेनासे झाले आणि त्याच्या आधी ‘बृहत्’ लावावे लागले. बृहत् म्हणजेही मोठेच. शाळेत एखाद्या मुलाने असे दुहेरी विशेषण लिहिले असते तर मी लाल शाईने खूण केली असती.

आणि आता बेळगावचे स्वतःचे नाव. शिलालेखांत ते ‘वेणुग्राम’ आहे, वेळूंचे गाव. सौंदत्तीचे रट्ट राजे आपली गादी इथे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या अमलाखाली कुंडी तीन हजार हा सबंध प्रांत होता. चौथ्या कार्तवीर्याच्या कारकिर्दीत, १२०४ मध्ये, बीचिराजाने किल्ल्यात जिनालय बांधले, ज्याला आपण कमल बस्ती म्हणतो. त्या वेळच्या दानलेखात इथल्या व्यापाऱ्यांबरोबर लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, आणि मलयाळ देशाचे व्यापारीही येतात. राजधानी होती, किल्ला होता, दूरदूरच्या मालाची गाठोडी फुटत होती. पूर, नगर, पुटभेदन या सगळ्यांच्या कसोट्या पुऱ्या झाल्या होत्या. तरीही नाव ग्रामच राहिले. पाटलिगामाचे पाटलिपुत्र झाले, वेणुग्रामाचे मात्र वेणुनगर किंवा वेणुपूर झाले नाही. पुढे मुघल अमदानीत ‘आझमनगर’ असे भारदस्त नाव मिळाले, आणि ते आज एका वसाहतीचे नाव म्हणून उरले आहे. पुन्हा शाखानगरच झाले म्हणायचे.

यात बेळगाव एकटे नाही. बंगळूरच्या शेवटी जो ‘ऊर’ आहे तोही कन्नडमध्ये गावच, आणि कोट्यधीश बंगळूरकरसुद्धा ‘नम्म ऊरु’ म्हणूनच आपल्या शहराचे नाव घेतो. मराठीतही मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला आपण ‘तुमचं गाव कोणतं?’ असेच विचारतो, ‘तुमचं महानगर कोणतं?’ असे कोणी विचारत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर ‘बेळगावी’ असे नाव आले. त्याच्या राजकारणात मी इथे शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. व्याकरणाच्या मास्तरला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट ऐकू येते. ‘गावी’ ही मराठीत ‘गाव’ची सप्तमी आहे. ‘मे महिन्यात आम्ही गावी जातो’ यातली. ज्या नावामुळे काही जणांना ‘गाव’ पुसले गेल्यासारखे वाटले, त्यात मराठी कानाला ते गाव विभक्तीसकट ऐकू येते.

कागदपत्रांचे काम पुरे करून मी त्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर आलो. समोर उभ्या असलेल्या बसच्या कपाळावर कन्नडमध्ये ‘नगर सारिगे’, म्हणजे नगर वाहतूक, असे लिहिले होते आणि खाली पाटी होती येळ्ळूरची. येळ्ळूर हे गाव, नावात ऊर, भोवती भाताची शेते, आणि तिकडे जाणारी बस नगराची. मी टिळकवाडीला उतरलो. घराच्या फाटकाशी शेजारच्या आजी तांदळाची पिशवी आणि छत्री सांभाळत रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. हमरस्ता, दुकाने, बँका, सगळे त्यांच्या पाठीशी दोन पावलांवर होते.

“कुठं निघालात आजी, एवढ्या पावसात?”

“गणपत गल्लीत जरा काम आहे,” आजी म्हणाल्या. “गावात जाऊन येते.”